ग्लुकोज तेच, जोडणी वेगळी

तांदळाच्या दाण्यातला स्टार्च आणि कापसाच्या बोंडातलं सेल्युलोज हे दोन्ही एकाच रेणूपासून बनतात. तो रेणू म्हणजे ग्लुकोज. भात आपण खातो, पचवतो आणि त्याच्या बळावर दिवसभर काम करतो. कापूस मात्र चावून गिळला तरी पोटाला त्यातून काहीच मिळणार नाही. दोन्हींचं रासायनिक पृथक्करण केलं तर कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण सारखंच निघतं. तरीही एक अन्न झालं आणि दुसरं वस्त्र. एक ग्लुकोज शेजारच्या ग्लुकोजला कोणत्या बाजूने जोडलं गेलं, एवढ्यावर हा फरक ठरतो.

अलीकडे ‘कार्ब्ज’ हा शब्द घराघरांत पोचला आहे. ‘मी कार्ब्ज बंद केले’ असं सहज कानावर पडतं. पण चहातली साखर, ताटातला भात, दुधाची गोडी, मटकीच्या उसळीनंतर पोटात धरणारा वायू, पेरूची जेली, कोलंबीचं साल आणि आपला रक्तगट ठरवणारी तांबड्या पेशीवरची खूण हे सगळं कर्बोदकांच्याच कुळातलं आहे. एवढ्या मोठ्या कुळाबद्दल सरसकट निवाडा देता येत नाही. कर्बोदकं समजून घ्यायची तर दोन गोष्टी विचाराव्या लागतात: त्यातले घटक कोणते आणि ते जोडले कसे? वर्गीकरणाचा पायाही हाच आहे.

सूत्र आणि त्याच्या मर्यादा

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. उसाच्या साखरेत हेच आकडे अनुक्रमे १२, २२ आणि ११ असे आहेत. दोन्हीकडे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण पाण्यातल्यासारखं, दोनास एक आहे. त्यामुळे हे पदार्थ म्हणजे पाणी जोडलेला कार्बन असावा, असं एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना वाटलं. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतलं की ती पिवळी, मग तपकिरी होते आणि बघता बघता काळ्या कोळशाचा सच्छिद्र खांब फुगून वर येतो. आम्ल पाणी ओढून घेतं आणि कार्बन मागे उरतो. हा प्रयोग पाहिला की त्या काळचा तर्क चुकीचा वाटत नाही.

पण साखरेच्या रेणूत पाण्याचे सुटे रेणू बसलेले नसतात. शिवाय सूत्राला अपवादही पुष्कळ निघाले. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लात २ कार्बन, ४ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन असतात. दह्यातल्या लॅक्टिक आम्लात ३, ६ आणि ३. सूत्रात दोन्ही बसतात, पण दोन्ही कर्बोदकं नव्हेत. उलट डीएनएच्या कण्यातली डीऑक्सिरायबोज ही शर्करा ५, १० आणि ४ अशी आहे. ती सूत्रात बसत नाही, तरीही अस्सल कर्बोदक आहे.

म्हणून आजची व्याख्या रचनेवर आधारलेली आहे. कार्बनच्या साखळीवर अनेक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतील आणि त्यासोबत एक अल्डिहाइड किंवा कीटोन गट असेल, तर तो पदार्थ कर्बोदक. तसंच पाण्याच्या साह्याने तोडल्यावर ज्यांच्यापासून असे रेणू मिळतात, ते मोठे पदार्थही कर्बोदकंच. तोडल्यावर किती घटक मिळतात, यावरून चार मुख्य वर्ग पडतात. आणखी तुटत नाही ती एकशर्करा. दोन घटकांची द्विशर्करा. तीनपासून साधारण दहापर्यंत घटक असतील तर अल्पशर्करा. त्याहून मोठ्या, शेकडो-हजारो घटकांच्या साखळ्या म्हणजे बहुशर्करा.

एकशर्करा: सोळांतून एक ग्लुकोज

एकशर्करांची विभागणी दोन प्रकारे होते. पहिली कार्बनच्या संख्येवरून. तीन कार्बनची ट्रायोज, पाच कार्बनची पेंटोज, सहा कार्बनची हेक्झोज. आरएनएमधली रायबोज पाच कार्बनची आहे, तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सहा कार्बनची. दुसरी विभागणी गटावरून. अल्डिहाइड गट असेल तर अल्डोज, कीटोन गट असेल तर कीटोज. ग्लुकोज अल्डोज आहे आणि फ्रुक्टोज कीटोज. दोघांचे अणू मोजले तर एकाचाही फरक नाही, पण फ्रुक्टोज साखरेहून गोड लागतं आणि ग्लुकोज साखरेहून कमी गोड.

खरी गुंतागुंत पुढे आहे. ग्लुकोजच्या सरळ साखळीत चार कार्बन असे आहेत की त्यांच्यावरचा हायड्रॉक्सिल गट उजवीकडे किंवा डावीकडे असू शकतो. प्रत्येक ठिकाणी दोन शक्यता, म्हणजे एकूण सोळा मांडण्या. सोळाही वेगवेगळ्या शर्करा आणि सूत्र मात्र सगळ्यांचं एकच. दुसऱ्या कार्बनवरची बाजू बदलली की ग्लुकोजचं मॅनोज होतं. चौथ्या कार्बनवरची बदलली की गॅलॅक्टोज. यांतली ग्लुकोजची मांडणी नेमकी कोणती, हे शोधून काढलं जर्मनीच्या एमिल फिशर यांनी.

फिशर यांच्यापुढची पहिली अडचण अगदी व्यवहारातली होती. शर्करा शुद्ध करायला घेतल्या की त्यांचा चिकट पाक व्हायचा, स्फटिक धरायचे नाहीत. फेनिलहायड्रॅझिन नावाचं संयुग फिशर यांनीच १८७५मध्ये शोधलं होतं. १८८४मध्ये त्यांच्या लक्षात आलं की शर्करांशी त्याची अभिक्रिया घडवली तर सुंदर पिवळे स्फटिक मिळतात. त्यांना ओसाझोन म्हणतात. ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज या तिघांपासून मिळणारं ओसाझोन मात्र एकच निघालं. ही अभिक्रिया पहिल्या दोन कार्बनांवरच होते. याचा अर्थ तिन्ही शर्करांमधला फरक त्या दोन कार्बनांपुरता असला पाहिजे आणि खालची मांडणी तंतोतंत सारखी असली पाहिजे. अशा एकेका पुराव्याने शक्यता गाळत गाळत १८९१मध्ये फिशर यांनी ग्लुकोजची मांडणी निश्चित केली. रेणू डोळ्यांनी पाहण्याचं कोणतंही साधन तेव्हा नव्हतं. होती ती परीक्षानळी, तापमापी आणि शिस्तबद्ध तर्क. १९०२मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. ज्या फेनिलहायड्रॅझिनने हे यश दिलं, त्याच्या विषारी वाफांनी त्यांची प्रकृती मात्र कायमची बिघडवली.

एक गोष्ट फिशर यांना सिद्ध करता येत नव्हती. ग्लुकोज आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब, या दोघांपैकी निसर्गातलं कोणतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. १९५१मध्ये नेदरलँड्सच्या योहानेस बेइफूट यांनी क्ष-किरणांच्या साह्याने टार्टारिक आम्लाच्या क्षाराची खरी रचना ठरवली आणि तिच्याशी सांगड घातल्यावर फिशर यांचं गृहीतक बरोबर निघालं. आपल्या पेशी फक्त उजव्या, म्हणजे ‘डी’ वर्गातल्या ग्लुकोजवर चालतात. त्याचं डावं प्रतिबिंब जिभेला गोड लागतं, पण शरीर त्यातून ऊर्जा काढू शकत नाही. एन्झाइम आणि त्याचा पदार्थ यांचं नातं कुलूप-किल्लीसारखं असतं, हे १८९४मध्ये फिशर यांनीच मांडलं. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं स्पष्टीकरण त्यात सापडतं.

साखळीचं कडं होतं तेव्हा

आतापर्यंत ग्लुकोजची साखळी सरळ आहे असं धरलं. पाण्यात मात्र ती फार थोडा वेळ सरळ राहते. पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनला भिडतो आणि सहा अणूंचं कडं तयार होतं. या कड्याची रचना ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन हॉवर्थ यांनी उलगडली. कर्बोदकं आणि क जीवनसत्त्व यांवरच्या कामासाठी १९३७च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

कडं बंद होताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट कड्याच्या खालच्या अंगाला राहू शकतो किंवा वरच्या. खाली राहिला तर आल्फा ग्लुकोज, वर राहिला तर बीटा. दोन्ही प्रकार प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येतात, कारण ध्रुवित प्रकाशाची दिशा ते वेगवेगळ्या कोनांतून वळवतात. आल्फाचं विशिष्ट वलन सुमारे ११२ अंश, बीटाचं सुमारे १९ अंश. यांपैकी कोणताही प्रकार पाण्यात विरघळवून ठेवला तर काही तासांत आकडा सरकत सरकत ५२.७ अंशांवर येऊन थांबतो. कडी उघडत असतात, पुन्हा मिटत असतात आणि शेवटी साधारण ३६ टक्के आल्फा आणि ६४ टक्के बीटा असा तोल साधतो.

एकट्या ग्लुकोजच्या बाबतीत हा फरक तात्पुरता असतो. पण पहिल्या कार्बनला दुसरी शर्करा जोडली गेली की बाजू पक्की होते. आल्फा जोडलं तर आल्फाच राहतं, बीटा जोडलं तर बीटाच. या पक्क्या जोडणीला ग्लायकोसिडिक बंध म्हणतात. अन्न आणि वस्त्र यांच्या वाटा इथे फुटतात.

उसाची साखर आणि गुऱ्हाळातलं रसायन

द्विशर्करांत महाराष्ट्राच्या सर्वांत परिचयाची म्हणजे सुक्रोज, आपली नेहमीची साखर. ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन यांच्या जोडणीतून ती बनते. दोन्ही शर्करांची अभिक्रियाशील टोकं या जोडणीतच गुंतून पडतात. त्यामुळे सुक्रोज शांत स्वभावाचा, टिकाऊ रेणू ठरतो. वनस्पती पानात तयार झालेली ऊर्जा खोडाकडे आणि मुळांकडे सुक्रोजच्या रूपात पाठवतात, त्यामागे हा टिकाऊपणा मोठं कारण आहे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज किंवा माल्टोज उकळलं तर विटकरी साका येतो. सुक्रोज उकळलं तर द्रावण निळंच राहतं. पूर्वी दवाखान्यात लघवीतली साखर तपासायला हेच द्रावण वापरत.

सुक्रोजचा बंध आम्लात किंवा इन्व्हर्टेज या एन्झाइममुळे तुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे होतात. या मिश्रणात सहजासहजी स्फटिक धरत नाहीत. ऊस, गूळ आणि काकवी यांचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे.

ऊस तोडल्यावर लगेच गाळपाला न्यावा, असं कारखाने शेतकऱ्याला सांगतात. तोडलेल्या उसात इन्व्हर्टेजचं काम चालूच राहतं आणि सुक्रोज तुटत जातं. बांडीत पडून राहिलेल्या, सुकलेल्या उसात जिवाणू शिरतात आणि सुक्रोजमधल्या ग्लुकोजपासून डेक्स्ट्रान नावाची बहुशर्करा तयार करतात. त्याने रस बुळबुळीत होतो, गाळायला जड जातो आणि साखरेचे दाणे नीट पडत नाहीत. उतारा घसरतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचं ‘पोल’ मोजतात, तेही प्रकाशाच्या वलनावरूनच. सुक्रोज प्रकाश उजवीकडे ६६.५ अंशांनी वळवतं आणि ते तुटल्यावर मिळणारं मिश्रण डावीकडे सुमारे २० अंशांनी. जितकं सुक्रोज तुटलं, तितका आकडा खाली येतो.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात हेच रसायन चुलवणावर चाललेलं दिसतं. काहिलीतला ताजा रस मुळातच थोडा आंबट असतो. तो तसाच तापवला तर आम्ल आणि उष्णता मिळून सुक्रोज तोडतात, आणि गूळ मऊ, चिकट, पाणी धरणारा होतो. म्हणून गुळव्या रसात बेताने चुन्याची निवळी घालतो. आंबटपणा कमी होतो आणि सुक्रोज शाबूत राहतं. चुना जास्त झाला तर गूळ काळपट होतो, म्हणून प्रमाण हातात बसलेलं असावं लागतं. मग भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. तो बुळबुळीत पदार्थही बहुशर्कराच आहे. रसातला गाळ तो आपल्याबरोबर बांधून वर आणतो आणि गुळव्या ती मळी झाऱ्याने काढून टाकतो. पाक साधारण ११८ अंश सेल्सियसला पोचला की काहील उतरवतात. वाफ्यात ओतून घोटल्यावर सुक्रोजचे बारीक कण धरतात आणि ढेप बांधली जाते.

काकवी करायची असेल तेव्हा उद्देश उलटा असतो. तिथे कण धरायला नको असतात, म्हणून पाक सुमारे १०५ अंशांवर उतरवतात आणि त्यात थोडं सायट्रिक आम्ल घालतात. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते याच कारणाने. थोडं सुक्रोज तुटतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज स्फटिकांच्या रचनेत अडथळा आणतात आणि पाक साखरत नाही. संक्रांतीच्या हलव्याला काटा यावा म्हणून आपण सुक्रोजला जपून स्फटिक धरायला लावतो, आणि गुलाबजामच्या पाकात ते होऊ नये म्हणून त्याचा बंध मुद्दाम तोडतो.

मधातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असतात. ज्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, तो थंडीत लवकर रवाळ होतो. रवाळ मध म्हणजे भेसळीचा मध, हा समज चुकीचा आहे.

दूध, मोड आणि वायू

लॅक्टोज ही दुधातली द्विशर्करा. गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज बीटा बंधाने जोडून ती बनते. गाईच्या दुधात ती सुमारे ५ टक्के असते, आईच्या दुधात सुमारे ७ टक्के. हा बंध तोडायला लॅक्टेज हे एन्झाइम लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, पण जगातल्या बहुसंख्य माणसांत वयाबरोबर कमी होतं. मग न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोट फुगतं, ढाळ होते. दही लावताना विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच वापरून त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही-ताक सोसतं, त्याचं हे एक कारण.

माल्टोजमध्ये दोन ग्लुकोज आल्फा बंधाने जोडलेली असतात. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात अ‍ॅमायलेज हे एन्झाइम जागं होतं आणि साठवलेल्या स्टार्चचे तुकडे करून कोंबाला माल्टोज पुरवतं. बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात. त्याची पेज पातळ राहते आणि किंचित गोड लागते, कारण घट्टपणा आणणारा स्टार्च काही अंशी तुटलेला असतो.

अल्पशर्करांची ओळख आपल्या पोटाला चांगली आहे. हरभरा, राजमा, मटकी, वाटाणा यांत रॅफिनोज आणि स्टॅकियोज असतात. सुक्रोजला एक गॅलॅक्टोज जोडलं की रॅफिनोज, दोन जोडली की स्टॅकियोज. हे गॅलॅक्टोज सोडवणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं. शर्करा न पचता मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू तिच्यापासून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही तयार करतात. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिलं तर काही अल्पशर्करा पाण्याबरोबर जातात. मोड येताना उरलेल्यांतल्या बऱ्याच कोंब स्वतःच वापरून टाकतो. उसळीसाठी कडधान्याला मोड आणण्याच्या रीतीला असा रासायनिक आधार आहे.

भात, भाकरी आणि कापूस

१८११मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये गोटलीब किर्कहोफ यांनी स्टार्च सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळला आणि गोड पाक मिळवला. १८१९मध्ये फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांनी तागाच्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली, तेव्हाही शर्करा मिळाली. चिंधीतून आणि पिठातून निघालेली ती शर्करा एकच होती, ग्लुकोज.

स्टार्चमध्ये ग्लुकोज आल्फा बंधांनी जोडलेलं असतं. या बंधामुळे साखळीला बाक येतो आणि ती मळसूत्रासारखी वळत जाते. स्टार्चचे दोन भाग असतात. अ‍ॅमायलोजची साखळी जवळपास बिनफांद्यांची असते आणि बहुतेक धान्यांत तिचं प्रमाण २० ते ३० टक्के असतं. उरलेलं अ‍ॅमायलोपेक्टिन, त्याला दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर फांदी फुटते. आयोडिनचा थेंब टाकल्यावर बटाटा गर्द निळा होतो, कारण आयोडिन अ‍ॅमायलोजच्या वेटोळ्यात जाऊन बसतं. अ‍ॅमायलोज जास्त असलेल्या तांदळाचा भात सुटा होतो, कमी असलेल्याचा चिकट. आसामच्या बोरा साऊल तांदळात अ‍ॅमायलोज फारच कमी असतं, म्हणून तो शिजवल्यावर गोळा धरतो.

कच्च्या दाण्यात या साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. पाण्यात उष्णता मिळाली की साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान रचना सैल होते, पाणी आत शिरतं आणि दाणा फुलतो. साबुदाणा पांढऱ्याचा पारदर्शक होतो तो याच क्षणी. भात गार झाला की काही साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि शीत टणक होतं. या परत जुळलेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यातल्या एन्झाइमांना दाद देत नाही.

भाकरीचा घास तोंडात बराच वेळ चावत राहिलं की तो गोड लागू लागतो. लाळेतलं अ‍ॅमायलेज आल्फा बंध तोडून माल्टोज मोकळं करत असतं. पुढे लहान आतड्यात सगळ्याचं ग्लुकोज होऊन ते रक्तात जातं. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज असतं. एकट्या मेंदूला मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं. हा पुरवठा अखंड राहावा म्हणून शरीर ग्लुकोजचा साठा करतं. तो साठा म्हणजे ग्लायकोजेन. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी १८५७मध्ये ते यकृतातून वेगळं काढलं. त्यातले बंध स्टार्चसारखेच असतात, पण फांद्या खूप दाट, दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर एक. प्रत्येक फांदीच्या टोकाकडून ग्लुकोज सोडवता येतं, त्यामुळे गरज पडताच भराभर पुरवठा होतो. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं.

आता कापूस. फ्रान्सच्याच आन्सेल्म पायें यांनी १८३८मध्ये वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतून सेल्युलोज वेगळं केलं. कापसाच्या तंतूत ते ९० टक्क्यांहून अधिक असतं. इथे ग्लुकोज बीटा बंधांनी जोडलेलं असतं. बीटा बंधात प्रत्येक पुढचं कडं मागच्याच्या तुलनेत उलटं बसतं आणि त्यामुळे साखळी सरळ रेषेत जाते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी एकमेकींना आवळून धरतात. त्यातून कपड्याला लागणारा चिवटपणा येतो. आपलं अ‍ॅमायलेज फक्त आल्फा बंधावर चालतं. बीटा बंधाच्या कुलपाला लागणारी किल्ली आपल्या शरीरात बनतच नाही. ती गाईकडेही नाही, पण तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे. ते सेल्युलोज तोडून लहान स्निग्धाम्लं तयार करतात आणि गाय त्यांवर जगते. कडब्याचं दूध होतं ते असं.

सेल्युलोजमधल्या दुसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाच्या जागी नायट्रोजन असलेला एक गट बसला की कायटिन होतं. कोलंबीचं साल, खेकड्याचं कवच, झुरळाचा पंख आणि अळंबीच्या पेशीभित्तिका यांत ते असतं. पेरूची जेली धरते ती पेक्टिनमुळे. त्याची साखळी गॅलॅक्टोजपासून बनलेल्या आम्लाची असते. कांदा-लसणात फ्रुक्टोजच्या साखळ्या असतात. यांतली पेक्टिन आणि फ्रुक्टोजच्या साखळ्या आपली एन्झाइमं पचवू शकत नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं ते अन्न आहे.

मुंबईत सापडलेला रक्तगट

कर्बोदकं फक्त इंधन आणि बांधकामाचं सामान नसतात. पेशीच्या पृष्ठभागावर ती ओळखपत्राचं कामही करतात. तांबड्या रक्तपेशीवर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी गॅलॅक्टोज आणि त्याला जोडलेली फ्युकोज ही शर्करा असते. या खुणेला एच म्हणतात. एचवर आणखी एक गॅलॅक्टोज बसलं तर रक्तगट बी. गॅलॅक्टोजऐवजी त्याचंच नायट्रोजनयुक्त रूप बसलं तर ए. दोन्ही बसली तर एबी आणि काहीच बसलं नाही, नुसती एच राहिली, तर ओ.

१९५२मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात काही व्यक्तींच्या वेगळ्याच रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. या व्यक्तींच्या पेशींवर ए नव्हतं, बी नव्हतं आणि एचही नव्हतं. साखळीवर फ्युकोज बसवणारं एन्झाइम त्यांच्यात काम करत नाही. एच नसल्याने ए किंवा बी बसायला जागाच उरत नाही. साध्या तपासणीत हे रक्त ओ गटाचं भासतं. पण त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, म्हणून ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. हा गट जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो. एका शर्करेची एक जोडणी झाली नाही, तर केवढा फरक पडतो याचं याहून ठळक उदाहरण नाही.

ताटाकडे पाहताना

पचणाऱ्या कर्बोदकांच्या एका ग्रॅमातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, मग ती साखर असो की भात. पण ग्लुकोज रक्तात किती वेगाने उतरतं, यात मोठा फरक पडतो. कॅनडात डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये ग्लायसेमिक निर्देशांकाची कल्पना मांडली, ती याच वेगासाठी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात तंतू आणि प्रथिनं नगण्य, त्यामुळे त्याचं ग्लुकोज लवकर होतं. अख्ख्या हरभऱ्यात स्टार्च असतो, पण तो पेशीभित्तिकांच्या आत बंद असतो आणि सोबत प्रथिनं असतात, म्हणून ग्लुकोज सावकाश उतरतं. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि रोजच्या जेवणात उसळ-भाकरी, दोन्हीकडे कर्बोदकं आहेत. शरीराला मात्र ती सारखी नाहीत. वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतल्या मोकळ्या शर्करांमधून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलं. भाकरी, डाळी आणि भाज्यांना हा नियम लावू नये.

बाजारातून पाकीट घेताना त्यावरचा पोषणाचा तक्ता जरूर वाचा. एकूण कर्बोदकांच्या आकड्याखाली एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा वेगळी दिलेली असते. तंतूंचा आकडा दिला असेल तर तोही पाहा. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतो आणि पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिनही असतं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेल्या ग्लुकोजच्या आखूड साखळ्या. शर्करेच्या रकान्यात ते दिसत नाही, पण पोटात जाताच त्याचं ग्लुकोज होतं. मधुमेह असलेल्यांनी तर असं पाकीट घेण्याआधी घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी आणि शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवावी.